पाय वर जातो तो कशाच्या बळावर?

बॅले हे नृत्य पेडणे महालाच्या मातीतले नव्हे, हे सांगावयास नको. इकडच्या वाड्यांवरील मुलींच्या पायांना ठाऊक आहे ती चवथीची फुगडी, पौषातला धालो आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात बसविलेला एखादा समूहनाच. तथापि गेल्या काही वर्षांत दूरचे जग फार जवळ येऊन ठेपले आहे. मोपाच्या ज्या पठारावर पूर्वी गुरे चरत आणि काजूच्या बिया वेचल्या जात, तेथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. हरमल, मांद्रे, आश्वे या किनाऱ्यांवर हंगामात योगाचे व नृत्याचे वर्ग भरतात. आणि या साऱ्यांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे घरोघरी फोन आले. मोपा, नागझर किंवा तोर्से येथील दहा वर्षांची मुलगी त्या फोनवर पाहते की, एक नर्तकी एका पायावर उभी आहे, दुसरा पाय सावकाश वर जातो आहे, खांद्याच्याही वर, थेट कानापाशी, आणि तेथेच थांबतो आहे. संध्याकाळी ही मुलगी दाराच्या चौकटीला पाठ लावून आपला पाय दोन्ही हातांनी वर ओढू लागते. आईला कौतुकही वाटते आणि भीतीही.

असा पाय ओढून वर नेता येतो काय, नेऊ द्यावा काय, आणि न्यावयाचा तर कसा, असे प्रश्न पालकांकडून आम्हांस वारंवार येतात. त्यांचे थोडक्यात उत्तर असे की, बॅलेतील उंच पाय ओढलेला नसतो, तो धरलेला असतो. ओढणे हाताचे काम आहे. धरणे हे पोटाचे, पाठीचे, खुब्याचे आणि खाली उभ्या असलेल्या दुसऱ्या पायाचे काम आहे. एवढा एक भेद मनात ठसला की पुढील सारे सोपे होते, आणि बरेचसे नुकसान टळते.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. पाय इतका उंच गेलाच पाहिजे, असा बॅलेचा जुना कायदा नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६१ साली पॅरिसमध्ये नृत्याची राजसंस्था स्थापिली, तेव्हा दरबारी पोशाखात पाय फार वर नेणे शक्य नव्हते आणि शिष्टसंमतही नव्हते. विसाव्या शतकातील थोर नर्तकी मार्गो फाँटेन हिची जुनी छायाचित्रे पाहावीत. तिचा पाय आजच्या मानाने खालीच दिसेल, आणि तरी तिच्या उभे राहण्यातील डौल पाहून कोणी तिला उणे म्हणणार नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये १९४६ ते २००४ या काळात झालेल्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेच्या छायाचित्रांचा अभ्यास काही संशोधकांनी केला व तो २००९ साली प्रसिद्ध झाला. तीच नृत्यरचना, तीच ठेवण, परंतु दशकामागून दशक पाय वर वर चढत गेलेला त्यांना आढळला. शिवाय नृत्याची विशेष जाण नसलेल्या लोकांपुढे नुसत्या आकृती ठेवल्या असता त्यांनाही उंच पायाचीच आकृती अधिक आवडली. म्हणजे प्रेक्षक टाळ्या देत गेले आणि पाय उंचावत गेला. या चढाओढीत सर्वांत गाजलेले नाव सिल्वी गिलेम हिचे. ती मूळची जिम्नॅस्टिक्समधली. १९७७ साली ती पॅरिस ऑपेराच्या नृत्यशाळेत आली आणि १९८४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्या संस्थेच्या सर्वोच्च पदाची मानकरी झाली. तिचा एक पाय जमिनीवर आणि दुसरा सरळ आकाशाकडे गेला म्हणजे घड्याळात सहा वाजल्यासारखे दिसे. तिच्यानंतर जगभरच्या मुली सहाच वाजवू पाहू लागल्या. आमच्या मते हे थोडे अतीच झाले आहे. परंतु मुली ज्या काळात वाढतात त्या काळाची आवड त्यांना असणारच.

आता शरीराकडे वळू. मांडीचे हाड जेथे कमरेच्या हाडात बसते तो सांधा उखळीचा. मुसळाचे टोक उखळीत चहूंकडे फिरते, पण उखळीच्या काठाला लागले की अडते, तसेच येथे होते. गुडघा वाकवून मांडी पोटाकडे आणली तर बहुतेक माणसांचा सांधा १२० अंशांच्या आसपास वाकतो. परंतु गुडघा सरळ ठेवून पाय पुढून उचलला तर तो ८०-९० अंशांवरच अडतो; कारण बैठकीच्या हाडापासून गुडघ्याच्या खालपर्यंत जाणारे मांडीमागचे स्नायू ताणले जाऊन त्याला मागे खेचतात. हा अडथळा मांसाचा आहे, हाडाचा नव्हे. म्हणून तो सरावाने हटतो.

बाजूने पाय उचलण्याची गोष्ट निराळी. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या अंगास, एक उंचवटा असतो. कमरेच्या बाजूला हात लावला तर तो सहज हाताला लागतो. पाय सरळ बाजूला नेला की साधारण ४५ अंशांच्या पुढे हा उंचवटा कमरेच्या हाडाकडे येऊन वाट अडवितो. मात्र सबंध मांडीच बाहेरच्या दिशेला फिरविली की उंचवटा मागे सरकतो आणि वाट मोकळी होते. बॅलेत पावले बाहेर वळलेली असतात ती नुसती शोभा नव्हे, तिच्यामागे हे कारण आहे. पण हे वळण खुब्यातून यावयास हवे. लहान मुली पावलांचे अंगठे दोन दिशांना वळवून मोकळ्या होतात. मांडी जागची हलत नाही आणि मधल्या मध्ये गुडघा पिळला जातो. गुडघा हा बिजागरीचा सांधा, त्याला पीळ सोसत नाही.

मागे तर पाय जेमतेम १५-२० अंश जातो. अराबेस्क नावाच्या ठेवणीत नर्तकीचा पाय मागे कमरेच्या वर गेलेला दिसतो, त्यातील बराच भाग कण्याच्या आणि कमरेच्या झुकण्यातून आलेला असतो. यास्तव अराबेस्क सुधारावयाची असेल तर पाठीचे स्नायू बळकट करावे लागतात. पायाला हिसके देऊन काहीच साधत नाही.

आणखी एक स्पष्ट बोल. उखळ सर्वांची सारखी नसते. कोणाची खोल, कोणाची उथळ. कोणाची पुढे तोंड केलेली, कोणाची बाजूला. वाढ पुरी झाल्यावर कोणत्याही व्यायामाने हाडाचा हा घाट बदलत नाही. दोन बहिणींनी एकच सराव केला तरी एकीचा पाय कानाशी व दुसरीचा खांद्याशी थांबेल. त्यात दुसरीचा आळस पाहू नये.

वाट मोकळी झाली म्हणून पाय आपोआप वर जात नाही. त्याला कोणीतरी उचलावा लागतो. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू हे काम कमरेच्या उंचीपर्यंत चांगले करतो. त्यापुढे मात्र तो स्वतःच इतका आखडलेला असतो की त्याची ओढ संपते. विहिरीवरचा दोर ढिला पडला म्हणजे घागर अर्ध्यावर राहते, तशातला प्रकार. तेथून पुढे भार घेणारा स्नायू खोल दडलेला आहे. कण्याच्या खालच्या मणक्यांच्या बाजूंपासून आणि कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगापासून निघून तो मांडीच्या हाडाच्या आतील बाजूस येऊन चिकटतो. वैद्यक त्याला इलिओसोआस म्हणते. तो वरून दिसत नाही, चाचपताही सहसा येत नाही. म्हणून मुलींना त्याचे अस्तित्वच ठाऊक नसते. पाय उचलताना मांडीचा पुढचा भाग दगडासारखा घट्ट होऊन पेटका येत असेल तर समजावे की काम चुकीच्या मजुराकडे गेले आहे.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. मुलीला उताणे निजवावे, एक पाय जमिनीवर सरळ. दुसऱ्या पायाच्या तळव्याला पंचा अडकवून, गुडघा सरळ ठेवून, तिने पाय आपल्याकडे ओढावा. दुखू लागण्याच्या अलीकडे, नुसता ताण जाणवेल तेथे थांबावे. मग पंचा हळूच सोडावा आणि पाय तेथेच धरून ठेवावा. बहुतेकींचा पाय वीतभर तरी खाली येतो. पंचाने जेथवर गेला ती तिची लवचिकता, आणि पंचाविना जेथे राहिला ती तिची ताकद. रंगमंचावर पंचा नसतो. म्हणून या दोहोंतील अंतर हाच खरा अभ्यासाचा विषय. आणि ज्या मुलीचे हे अंतर मोठे आहे तिने आणखी ताण घेण्यात वेळ दवडू नये, ताकद वाढवावी.

या बाबतीत खेड्यातील मुली काही मागे नाहीत. जमिनीवर मांडी घालून बसणे, उकिडवे बसून भांडी घासणे, लावणीच्या वेळी चिखलात कमरेतून वाकणे यांनी खुबा लहानपणापासून मोकळा राहतो. बस फुगडी खेळणारी बाई उकिडवी बसून, एकदा या पायावर तर एकदा त्या पायावर भार देत, ज्या वेगाने उड्या मारते ते पाहावे. मांडीची ती ताकद शहरात खुर्चीवर वाढलेल्या मुलीकडे सहसा नसते. आता सोफे आले, कमोड आले, शाळेत बाके आली. उकिडवे बसण्याची सवय इकडेही चालली आहे. बॅले शिको वा न शिको, मुलींनी ती मोडू नये असे आम्हांस वाटते. मात्र फुगडीने खुबा वाकतो, पाय हवेत धरण्याची सवय होत नाही. ती वेगळीच शिकावी लागते.

ताण घेण्याविषयी गैरसमज फार आहेत. सकाळी उठल्याबरोबर थंड अंगाने पाय ताणणे हा पहिला. प्रथम दहा मिनिटे भराभर चालावे, जिने चढावे उतरावे, घाम येऊ द्यावा. दुसरा गैरसमज असा की जितका वेळ अधिक तितका लाभ अधिक. एकाच ठेवणीत तीसेक सेकंद, दोन वेळा, पुरे होतात. नाचण्याच्या किंवा उड्या मारण्याच्या अगदी आधी एकेक मिनिटाहून अधिक काळ स्नायू ताणून ठेवला तर त्याचे बळ काही वेळ कमी होते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. म्हणून लांब ताण सरावानंतर घ्यावेत, आधी घेऊ नयेत. आधी पाय नुसते झुलवावेत. तिसरी गोष्ट पुष्कळांना नवी वाटेल. काही आठवड्यांच्या ताणाने जो फरक पडतो त्यात स्नायू लांब होण्याचा भाग थोडा आणि मज्जासंस्थेने तो ताण सोसण्यास शिकण्याचा भाग मोठा असतो. शरीर घाबरते तोवर आवळून धरते. भीती गेली की सोडते. हिसका देणे, जोर लावणे, वरून दाबणे यांनी ते उलट अधिक आवळून धरते.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासात तर असे आढळले की, सांधा पूर्ण वाकवून व पूर्ण पसरून केलेल्या ताकदीच्या व्यायामाने सांध्याची हालचाल जवळपास ताणाइतकीच वाढते. ज्या घरी वेळ थोडा, त्या घरी ही गोष्ट मोलाची आहे.

तेव्हा ताकदीचा सराव कसा असावा? खोल स्नायूसाठी सर्वांत साधा प्रकार हा: बाकाच्या कडेवर ताठ बसावे, गुडघे वाकलेले, हात मांडीवर न ठेवता कमरेवर. एक मांडी बाकावरून चार बोटे उचलावी, पाच सेकंद धरावी, सावकाश ठेवावी. असे आठ-दहा वेळा. पाठ मागे रेलली की सारे फुकट, म्हणून प्रथम भिंतीशी पाठ लावून बसले तरी चालेल. फार सोपे वाटेल. पाचव्या खेपेला वाटणार नाही. मांडी बाहेर फिरविणाऱ्या स्नायूंसाठी कुशीवर निजावे, गुडघे वाकवून एकावर एक ठेवावेत, टाचा चिकटलेल्या राहू देऊन वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडावा व मिटावा. तिसरे, पंचाची वर सांगितलेली परीक्षा हाच व्यायाम करावा: ओढा, सोडा, धरा, सावकाश खाली आणा. खाली आणताना घाई करू नये. पाय उतरताना स्नायू जे शिकतो ते चढताना शिकत नाही. चौथे, पोट व पाठ. कोपरे व पायांची बोटे टेकून शरीर फळीसारखे सरळ धरणे हा प्रकार आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

आणि पाचवे, जे सारे विसरतात: उभा पाय. प्रेक्षक वरच्या पायाकडे पाहतो, पण चांगला शिक्षक खालच्याकडे पाहतो. कमरेच्या बाजूचा स्नायू दुबळा असला तर उभ्या पायावरची कंबर बाहेर ढळते, आणि मग वरचा पाय कितीही हलका असला तरी खाली येतोच. दात घासताना एका पायावर अर्धे मिनिट उभे राहावे, मग दुसऱ्या. ते जमले की डोळे मिटून. ते जमले की टाच उचलून. आठवड्यातून तीन-चार दिवस हा सराव पुरे. मधले दिवस विसावा. फरक आठवड्यांत पाहू नये, महिन्यांत पाहावा.

बॅलेचा रोजचा वर्गही याच क्रमाने बांधलेला असतो. आडव्या दांड्याला हात लावून मुली प्रथम गुडघे वाकवितात, त्याला प्लिए म्हणतात. मग पाऊल जमिनीवरून घासत पुढे नेतात, तो तांद्यु. मग हळूहळू वाढत्या उंचीने पाय उचलतात. पाय दुमडून गुडघ्याशी आणून सावकाश उलगडत वर नेणे, म्हणजे देवेलोपे, आणि जोराने वर फेकणे, म्हणजे ग्राँ बात्माँ, हे शेवटी शेवटी येतात. फोनवर दिसते ते हे शेवटचे अर्धे मिनिट. त्याच्या आधीचा पाऊण तास दाखविणे कोणाला आवडणार?

आपल्याकडेही पाय उंच धरण्याची विद्या नव्हती असे नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रातील १०८ करणांत ललाटतिलक नावाचे एक करण आहे. पायाच्या बोटाने कपाळी टिळा लावल्यासारखी त्याची ठेवण, आणि चिदंबरमच्या गोपुरांत ही करणे कोरलेली आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभट्टदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नावारूपास आणली. खांबावर किंवा दोरीवर पकड घेऊन शरीर कमानीसारखे वळवावयाचे, म्हणजे लवचिकता आणि ताकद ही दोन्ही एकाच क्षणी लागतात. एक कमी पडली की मुलगा खाली घसरतो. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिरात पिढ्यान्पिढ्या मुले-मुली हे शिकत आली आहेत, आणि तेथील गुरू उदय देशपांडे यांस २०२४ साली पद्मश्री मिळाली. २०२३ साली गोव्यात ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरल्या तेव्हा मल्लखांबही त्यांत होता.

पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांचे उदाहरण येथे फार उपयोगी आहे. लहानपणी आजारांनी ते खंगलेले होते आणि त्यांचे अंगही ताठर होते. १९३७ साली ते पुण्यात आले आणि पुढे जगप्रसिद्ध झाले. एका पायावर उभे राहून दुसरा पाय पुढे उचलणे व हाताने त्याचा अंगठा धरणे, याला उत्थित हस्त पादांगुष्ठासन म्हणतात. बॅलेतील पुढच्या उंच पायाचा हा सख्खा भाऊच. अय्यंगारांनी यासाठी दोर, पट्टा, भिंत, बाक, खुर्ची अशी साधने वापरण्याची शिस्त घातली. ज्याचा पाय कमरेइतका जातो त्याने तो कमरेइतक्या कठड्यावर ठेवावा, पण उभा पाय आणि पाठ सरळ राहिली पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. उंची मागाहून येते. ठेवण आधी.

तरी कोणी म्हणेल, हे सारे लहान वयात सुरू केले तरच. याला उत्तर म्हणून मुंबईतील दोन तरुणांची हकिकत सांगण्यासारखी आहे. पारशी समाजातील तुष्ना दल्लास यांनी १९६६ साली मुंबईत बॅलेची शाळा काढली होती, तेव्हा शहराला हे नृत्य अगदीच परके नव्हते; परंतु ते बहुधा सुखवस्तू घरच्या मुलींचे. मनीष चौहान हा टॅक्सीचालकाचा मुलगा आणि आमिरुद्दीन शाह हा वेल्डरचा. दोघेही रस्त्यावरच्या नाचाच्या उड्या व कोलांट्या पाहून पाहून शिकलेले. डान्सवर्क्स या संस्थेत येहुदा माओर नावाचे वृद्ध इस्रायली शिक्षक बॅले शिकवीत होते. त्यांच्या हाताखाली हे दोघे आले. उडी मारण्याचे बळ दोघांच्याही अंगी होते. नव्हता तो सावकाशपणा: पाय न फेकता उलगडत नेणे, आणि नेला तेथे ठेवणे. आमिरुद्दीन वयाने लहान. थोड्याच वर्षांच्या शिक्षणानंतर २०१७ साली त्यास लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. मनीष मात्र तारुण्यात या विद्येकडे वळलेला, म्हणजे ज्या वयात इतर नर्तक रंगमंचावर उभे असतात त्या वयात तो दांड्याशी उभा होता. त्याचे अंग वळावयास वेळ लागला, दुखापतींनीही गाठले, पण त्याने सोडले नाही. या दोघांच्या कथेवरून सूनी तारापोरवाला यांचा ‘ये बॅले’ हा चित्रपट २०२० साली निघाला. त्यात मनीषने स्वतःचीच भूमिका केली. पुढे २०२३ मध्ये लेस्ली शँपेन व पिप गिल्मोर यांनी त्याच्यावर ‘कॉल मी डान्सर’ हा माहितीपट काढला. उशिरा आलेल्यास वाट बंद नसते, ती लांब असते, आणि तिच्यावर शिक्षक चांगला लागतो, एवढे या हकिकतीवरून दिसते.

आता धोक्याचे. मुलगी साधारण अकरा-बारा वर्षांची आणि मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की उंची एकदम वाढते. या काळात हाडे आधी लांब होतात, स्नायू मागाहून. काल सहज जाणारा पाय आज अडतो. मूल रडकुंडीस येते आणि दुप्पट जोर लावते. नेमका हाच काळ नाजूक. मांडीमागचे स्नायू जेथे बैठकीच्या हाडाला चिकटतात तेथे या वयात हाड पुरते सांधलेले नसते, मध्ये कूर्चा असते. जोराचा हिसका बसला तर स्नायूसह हाडाचा तुकडाच सुटून येतो. तेव्हा या वर्षी-दोन वर्षांत ताण कमी करावा, ताकद व तोल यांवर भर द्यावा. उंची स्थिरावली की गेलेला पाय परत येतो.

कोणीही, मग तो शिक्षक असो, थोरली बहीण असो की हौशी बाप असो, मुलाच्या पायावर बसून किंवा दाबून तो खाली-वर करू नये. मुलाच्या अंगात काय फाटते आहे ते दाबणाऱ्याच्या हाताला कळत नाही. स्नायूच्या पोटात जाणवणारा ताण आणि सांध्यात, जांघेत किंवा बसावयाच्या हाडापाशी होणारी टोचणी यांतील भेद मुलांना आधीच समजावून द्यावा. पाय उचलताना जांघेत चिमटा बसणे, खोलवर कट्‌ असा आवाज होऊन दुखणे, रात्री कुशीवर निजता न येणे, अशी लक्षणे दोन आठवडे राहिली तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. तेल चोळून वाट पाहू नये.

काही मुलींचे सांधे जन्मतःच सैल असतात. अंगठा मागे वाकून मनगटास लागतो, कोपर उलटे वळते. घरचे म्हणतात, हिला तर देणगीच आहे. देणगी खरी, परंतु अशा मुलीला ताणाची गरज मुळीच नसते. तिचे सांधे धरून ठेवणारे बळ तिला हवे असते, आणि दुखापत इतरांपेक्षा तिलाच लवकर होते.

खाण्याविषयी चार शब्द न लिहिले तर कर्तव्यात कसूर होईल. नर्तकी बारीक हवी म्हणून मुली जेवण तोडतात. पुरेसे अन्न नसले तर शरीर प्रथम हाडांची व पाळीची हेळसांड करते. पाळी तीन महिने थांबली तर ती नृत्याची खूण समजू नये, डॉक्टरांना दाखवावे. आमच्या घरची नाचणीची भाकरी किंवा अंबील येथे उत्तम. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सोबत बांगडा, तारली, डाळ, आणि कोवळे ऊन.

राहिला जागेचा प्रश्न. दांडा नसला तरी अडत नाही. बलकांवाचा कठडा मजबूत असेल तर तो, नाहीतर जड खुर्चीची पाठ. ती मुलीच्या कमरेच्या थोडी वर असावी आणि हात तिच्यावर नुसता टेकलेला असावा, लोंबकळलेला नव्हे. फरशी मात्र पाहावी. सभागृहाची सिमेंटची जमीन किंवा घरची गुळगुळीत टाइल उड्यांसाठी वाईट. पायाच्या नळीचे हाड दुखू लागते. अशा जागी उड्या नकोत, पाय उचलण्याचा सराव खुशाल करावा. मोजे घालून टाइलवर एका पायावर उभे राहू नये.

प्रगती मोजावयाची तर भिंतीपाशी उभे राहून महिन्यातून एकदाच मोजावी. एक खूण हाताने धरून पाय जेथवर गेला तिची, दुसरी हाताविना जेथे तीन सेकंद राहिला तिची. वरची खूण किती चढली याकडे फारसे पाहू नये. दोन खुणांमधील अंतर किती कमी झाले ते फूटपट्टीने मोजून वहीत तारखेसह टिपावे. खुणा पेन्सिलीने कराव्यात. आमच्या इकडच्या पावसाळ्यात भिंती पाझरतात आणि खडूची रेघ आषाढ संपेतो राहत नाही.